दुसऱ्या भेटीचं रडणं

गोरमाटी, म्हणजे बंजारा, बाई रडते तेव्हा कोणी मेलेलंच असतं असं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.

आमच्या तांड्यात बाया खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं मुळूमुळू नाही. मोठ्याने, लय धरून, शब्दाला शब्द जोडून. त्या रडण्यातच सगळी विचारपूस असते. कशी आलीस, वाटेत काय सोसलंस, घरी कोणाला मागे ठेवून आलीस. मन रिकामं झालं की ओढणीने नाक पुसायचं आणि हसत हसत चहा टाकायचा. पण पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसापाशी असं कोणी रडत नाही. पहिल्या भेटीत माणूस पाहुणा असतो. तोच आपण होऊन पुन्हा आला, तर तो आपला झाला.

मारेन दुसऱ्यांदा आली.

ही मारेन डेन्मार्कची. तिच्या कंपनीची तिकडे दुकानं आहेत, उशांचे अभ्रे, पडदे, थैल्या असलं विकणारी. आमच्या बायांनी कवड्या आणि आरसे लावून भरलेल्या थैल्या तिने नागपूरच्या एका प्रदर्शनात पाहिल्या आणि मागच्या उन्हाळ्यात तांडा बघायला आली. नमुन्यादाखल थोडं काम देऊन गेली. ते तिकडे पसंत पडलं. आता दसऱ्याच्या तोंडावर ती वर्षभराचं काम पक्कं करायला येणार होती. आमच्या लेखी त्याचा अर्थ सरळ होता. काम मिळालं तर यंदा बायांना ऊसतोडीला जावं लागणार नाही. नाही मिळालं तर दिवाळी झाली की कोयते बांधायचे, लेकरं ट्रकमध्ये टाकायची आणि कोल्हापूरकडे निघायचं, ते थेट उन्हाळ्यात परत.

हे सगळं जुळवून आणलं माझ्या नणंदेने, राखीने. नणंदेचं कौतुक करायला भावजयीची जीभ जड होते म्हणतात, पण खरं ते खरं. यवतमाळला वसतिगृहात राहून बी.कॉम. केलं, पुण्याला निर्यातीचं प्रशिक्षण घेतलं, आणि आता पुसदला खोली घेऊन तिथून बायांचं काम बघते. फाडफाड इंग्रजी बोलते. मला ते येत नाही. त्या दिवशी इंग्रजीत काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं, रडत रडत, आणि ते आमचं नेहमीचं रडणं नव्हतं. आम्ही आपसात गोरबोली बोलतो, ती इथे मराठीत सांगते आहे, एवढं चालवून घ्या.

तर पुण्याला टाय लावलेल्या एका सरांनी तिला शिकवलं होतं की गोऱ्या लोकांसमोर नातीगोती काढायची नाहीत. धंदा वेगळा, घर वेगळं. त्यातून मारेनच्या कंपनीचा नियमच होता की काम वाटणाऱ्या माणसाचे नातलग कामावर नसावेत, म्हणजे वशिलेबाजी होत नाही. फोनवर मारेनने विचारलं तेव्हा राखीने बेधडक सांगितलं, माझं इथे कोणी नाही. आता आमचा तांडा म्हणजे एका वडाच्या पारंब्या. जिला हाक मारावी ती काकी, नाहीतर मावशी, नाहीतर आत्याची सून. कोणाला वगळणार? आमच्याकडे तर नात्यातली बाई आहे म्हणूनच कामाची खात्री धरतात. पण तिकडे त्यालाच खोट म्हणतात, तर काय करणार.

मारेन यायच्या आदल्या दिवशी राखीने सगळ्या बायांना बसवून समजावलं. "तिच्यासमोर मले बेटी म्हणाचं नाही, पोरी म्हणाचं नाही. मॅडम म्हणा."

भुरीबाई म्हणजे माझी चुलतसासू, तिला हसू आवरेना. "न्हाऊमाखू घातलं म्या तुले. आता मॅडम म्हणू?"

"एकच दिवस, काकी."

माझ्या सासूबाई, मानीबाई, खाली बघून सुईत दोरा ओवत राहिल्या. त्या राखीच्या सख्ख्या आई. रात्री भाकरी थापताना मला म्हणाल्या, "हापिसाचं काम असते, उज्ज्वला. तिथं असंच रायते." माझी समजूत घालत होत्या की स्वतःची, कोण जाणे.

सकाळी जीप आली. बाया फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घालून, बांगड्या भरून उभ्या होत्या. मारेन उतरली, हात जोडून हसली, आणि म्हणाली, "राम राम." मागच्या वेळी शिकली होती, ते विसरली नव्हती. एवढं झालं आणि सासूबाईंचा बांध फुटला. पुढे होऊन त्यांनी तिला मिठी मारली, तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि सुरू केलं. आलीस गं बाई, एवढा समुद्र ओलांडून आलीस, कोणाच्या भरवशावर घर टाकून आलीस, तुझ्या पायांना काटे टोचले असतील, आम्ही वाट बघत होतो. मग भुरीबाईने सूर लावला. मग बाकीच्यांनी. मीही रडत होते. खोटं कशाला सांगू, छान वाटत होतं.

मारेन मात्र खांबासारखी उभी. दोन्ही हात अंगालगत, चेहरा पांढराफटक. तिला काय करावं ते कळेना. तिने सासूबाईंच्या खांद्यावरून राखीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, काय झालं? काही वाईट घडलंय का?

त्या वेळी राखीने खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत मिटलं असतं. पण तिची एक जुनी दुखरी जागा होती. ती वसतिगृहात असताना सासूबाई भेटायला गेल्या होत्या आणि दारातच तिच्या गळ्यात पडून अशाच रडल्या. पोरी खोल्याखोल्यांतून धावत आल्या. नंतर कितीतरी महिने राखी दिसली की दोघीतिघी एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढायच्या आणि खिदळायच्या. आता समोर तर डेन्मार्कची बाई. हे लोक रानटी आहेत, असं तिने मनात म्हटलं तर? वर्षभराचं काम अशा लोकांच्या हाती कोण देईल? राखीच्या तोंडून निघून गेलं, "यांच्या घरात दुःख झालंय."

"कोण गेलं?"

"मुलगी," राखी म्हणाली. "त्यांची मुलगी."

जावई म्हणाली असती, भाऊ म्हणाली असती. मुलगीच का म्हणाली, हे तिला आजही सांगता येत नाही.

मारेनने डोळे मिटले. मग हळूच, अगदी काच उचलावी तसे, तिने दोन्ही हात सासूबाईंच्या पाठीवर ठेवले. सासूबाईंना वाटलं, कळलं हिला. नाक पुसून हसल्या आणि म्हणाल्या, "चाल वो बाई, चहा घे."

मारेन त्यांच्याकडे बघतच राहिली. मुलगी गेलेली बाई हसते कशी, हे तिला कळेना. आणि तिला काय कळलं नाही, हे आम्हाला कळेना.

आत सतरंजीवर आम्ही नवीन नमुने मांडून ठेवले होते. मारेन बसली, पण नमुन्यांना हात लावेना. चहा घेतला तो दोन घोट. राखीने कामाचा विषय काढला तशी तिने मान हलवली. आमच्याकडे अशा घरात धंद्याचं बोलत नाहीत, ती म्हणाली. ते बरं दिसत नाही. मी उद्या परत जाते आहे, पण हरकत नाही, आपण काही महिन्यांनी बघू.

काही महिन्यांनी म्हणजे आम्ही उसाच्या फडात. राखीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने पुष्कळ गोड बोलून पाहिलं की यांना चालतं, काम म्हणजे यांना विसावाच आहे. तसतशी मारेन तिच्याकडे अधिकच चमत्कारिक नजरेने बघायला लागली. मेलेल्या पोरीच्या आईसमोर ही बाई किती कोरडेपणाने बोलते, असं तिला वाटत असणार. खोटं बोलायला एक वेळ सोपं, पण ते सांभाळायचं म्हणजे रोजची मजुरी.

इकडे बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. "रडली नाही वो थे आपल्यासंगं," भुरीबाई म्हणाली. "आपलं मानत नाही. काम काई देत नाही आता."

सासूबाईंनी राखीला चुलीपाशी बोलावलं. मी तिथेच कढीला फोडणी देत होते. "माझं चुकलं काय, बेटा? थे बोलून नाही राह्यली, खाऊन नाही राह्यली."

"तिच्या देशात रडत नाहीत, याडी," राखी खालमानेने म्हणाली. "हात देतात. असा. न् झालं."

"नुसता हात?"

"हाओ."

"न् मंग मनातलं कसं सांगतेत?"

सासूबाईंनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला आणि पिठाने भरलेला म्हणून ओढणीला पुसला. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

मग राखी जीपवाल्याशी बोलायला बाहेर गेली. मारेनचं नागपूरला जाणं संध्याकाळपर्यंत लांबवता येईल का, ते विचारायला. तेवढ्यात मारेनने आपला मोबाइल काढला, त्यात काहीतरी लिहिलं आणि सासूबाईंच्या समोर धरला. मोबाइल हिंदीत बोलला. "क्या मैं आपकी बेटी की तस्वीर देख सकती हूँ?"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "सांगतलं तिनं. उज्ज्वला, राखीनं सांगतलं तिले, मी तिची माय हाओ म्हणून." आणि लगबगीने उठल्या. खोलीच्या कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली तसबीर काढली. भिंतीला ओल येते म्हणून ती पेटीतच असते. राखीने पदवी घेतली तेव्हाचा फोटो, काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी. सासूबाईंनी काच ओढणीने पुसली आणि तसबीर दोन्ही हातांनी मारेनच्या हातात दिली.

मारेनने ती देवाचं काही घ्यावं तशी घेतली. मान खाली घालून पाहिलं. आणि पाहतच राहिली.

त्याच क्षणी राखी आत आली.

मारेनने तसबिरीकडे पाहिलं, राखीकडे पाहिलं, पुन्हा तसबिरीकडे. मग अगदी हलक्या आवाजात तिने विचारलं, "तुमची जुळी बहीण होती?"

राखी मला नंतर म्हणाली, "वैनी, हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं." आणि म्हणालीही असती. पण सासूबाईंना कुठलं इंग्रजी येतं? त्या आनंदाने राखीजवळ गेल्या, तिची हनुवटी धरून तोंड मारेनकडे वळवलं, एकदा तसबिरीकडे बोट दाखवलं, एकदा राखीकडे. मग तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. जिवंत पोरीची दृष्ट काढली. हे कळायला कुठली भाषा लागते?

मारेनने तसबीर सतरंजीवर ठेवली. तिचे कान लाल झाले होते. राखीने काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते: "मी म्हणाले, ही माझी आई आहे. कोणी मेलेलं नाही. तुम्ही परत आलात म्हणून त्या रडल्या. तुमच्यावर जीव जडला म्हणून. मला त्यांच्या रडण्याची लाज वाटली."

मारेन म्हणाली, "मी सकाळपासून या बाईकडे बघून विचार करते आहे, की हिचं दुःख किती मोठं असेल. मी माझ्या मुलीला फोनवर निरोप लिहिला, की मी तिच्यावर प्रेम करते. का लिहिला ते तिला कळलंही नसेल."

"काय म्हणते वो थे?" सासूबाईंनी विचारलं. त्या अजून हसत होत्या, पण हसू आता तोंडावर नुसतं राहून गेलेलं होतं. "राखी? काय झालं? फोटू नाही आवडला?"

मी राखीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, खोटं बोल गं बाई. या वेळी बोल. पण ती बोलली नाही. आईसमोर खाली बसली आणि म्हणाली, "याडी, तू सकाळी रडली न्, म्या तिले सांगतलं का तुही पोरगी मेली."

भुरीबाईने तोंडावर हात ठेवला. दसऱ्याच्या तोंडावर, दिवसाढवळ्या, आईच्या अंगणात उभं राहून पोरीने स्वतःला मारून टाकलं होतं. दुसरी एखादी आई असती तर तिने चपलेने मारलं असतं. मी असते तर मी मारलं असतं.

सासूबाईंनी तसबिरीवरून एकदा हात फिरवला. मग ती उचलली, लुगड्यात गुंडाळली, पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मले अगुदर सांगाचं होतं, बेटा. मी रडलीच नसती."

बस्स, एवढंच. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. राखी तिथेच बसून राहिली, मान वर करेना. मी तिची भावजय, एरवी तिला टोचायची एक संधी सोडत नाही. पण त्या दिवशी मलाच तोंड कुठे लपवावं ते कळेना. आमच्या घरातली गोष्ट परक्या माणसासमोर अशी उघडी पडली होती, आणि ती परकी बाई आमच्या आईसाठी आमच्याहून जास्त हळहळली होती.

मारेन जेवली. मला वाटलं होतं उठून जाईल, पण सासूबाईंनी ताट वाढलं तेव्हा ती मुकाट्याने बसली आणि कढी-भाकरी सगळी संपवली. मग नमुने बघितले. एकेक थैली उलटी करून आतला टाका पाहिला, कवड्या ओढून पाहिल्या, सासूबाईंनी भरलेला तुकडा बाजूला काढून ठेवला. वर्षाचं काम देते म्हणाली. बायांना ते राखीनेच सांगितलं, आवाज न हलवता. बाया खूश झाल्या. भुरीबाई तर म्हणाली, यंदा कोयता भंगारात घालते.

राखीला मात्र मारेनने ओसरीवर वेगळं नेऊन सांगितलं. कामात काही खोटं नाही, म्हणून काम देते आहे. या सगळ्या तुमच्या नात्यातल्या आहेत, हे मला आता दिसतंच आहे, आणि कदाचित आमचा नियमच इथे चुकीचा असेल, तो मी बदलून घेईन. पण यापुढे मी तुमच्यामार्फत बोलणार नाही. तुम्ही मला काय सांगाल, याची मला आता खात्री राहिली नाही. कंपनी हैदराबादहून दुसरं माणूस पाठवेल.

"बरोबर आहे," राखी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिनेच उभं केलेलं काम तिच्या हातातून गेलं, आणि भांडायला तोंड नव्हतं. तांड्याला तिने हे कारण सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, पुढच्या महिन्यापासून कंपनीचा माणूस येत जाईल.

ऊन कलल्यावर जीप निघायला झाली. मारेन पुसदला राखीला सोडून पुढे नागपूरला जाणार होती. दोघींना एकाच जीपमध्ये एवढा रस्ता जायचं होतं, मला त्याचीच धास्ती वाटत होती. बाया पुन्हा गोळा झाल्या, पण या वेळी सगळ्या गप्प. काय करावं हे कोणालाच कळत नव्हतं. मारेन सासूबाईंपाशी आली. सकाळचं रडणं कशासाठी होतं, ते तिला आता माहीत होतं. तिने दोन्ही हात पसरले आणि स्वतःच पुढे वाकली, मिठीत घ्यायला.

सासूबाईंनी आपला उजवा हात पुढे केला. सरळ, ताठ, बांगड्या मागे सारून. कोणाला काही चुकलं म्हणायला जागा राहू नये म्हणून.

मारेनचे हात तसेच अधांतरी राहिले. मग तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ धरला आणि जीपमध्ये जाऊन बसली. तिने तोंड पलीकडच्या खिडकीकडे वळवलं.

मग राखी आली. ती पुसदला निघते तेव्हा सासूबाई दर वेळी तिच्या गळ्यात पडतात. सगळा तांडा ऐकतो. दर वेळी राखी म्हणते, पुरे, याडी, गाडी थांबली आहे. आज ती काही म्हणाली नाही. आईसमोर येऊन उभी राहिली, थोडी पुढे झुकलेली, डोकं टेकवायला खांदा शोधावा तशी.

सासूबाईंनी ओढणीला हात पुसला आणि तिच्यापुढेही केला.

"जाय, बेटा," त्या म्हणाल्या. "जपून जाय."

राखीने तो हात धरला. त्याचं पुढे काय करायचं असतं, ते पुण्याच्या सरांनी तिला शिकवलं होतं. किती घट्ट धरायचा, किती वेळ धरायचा, डोळ्यात बघून कसा सोडायचा. तिला तो सोडता येईना. शेवटी सासूबाईंनीच सोडवून घेतला.